ठमाबाईनं बांधला मच्छर

कोसमगुड्याच्या वळनावर आलापल्लीची एसटी थांबत नाई. पन त्या साली आखाडात डायवरनं करकचून बिरेक मारला, खाली उतरला, चपला काढल्या आनि हात जोडून इचारलं, हा कोनता देव होय बाप्पा. लोकाइनं सांगतलं, देव नोहे, मच्छर होय. तवा त्यानं चपला घातल्या, पन हात काही लौकर सुटले नाई.

हत्तीएवढा मच्छर. खरी हत्तीनबी एकदा चरत चरत इकडं आली, मनतात, आनि त्याची सोंड आपल्याहून लांब पाहून लाजून माघारी फिरली. एका अस्वलानं मोहाच्या झाडावरून उडी टाकली ते अजून सापडलं नाई. कोसमगुड्यात कोनालेबी इचारा, हेच सांगतीन, थोडंफार वाढवून.

तो मच्छर बांधला होता ठमाबाईनं. ठमाबाई तळ्यावर मासे धरनाऱ्या घरची. बांबू चिरून मासे धराचे सापळे इनाचे, हे तिचं लहानपनापासूनचं काम. तिच्या सापळ्यात शिरलेला मासा बाहेर येत नोता. आत एवढं नीटनेटकं असे का मासाच मने, आता कायले जाऊ. आनि गावची मारबतबी दरवर्सी तीच बांधे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातला ताप, खोकला, भांडन-तंटा, सारं त्या बांबूच्या बाईच्या पोटात घालाचं, बोंबलत शिवेबाहेर न्याचं आनि जाळून टाकाचं. रीत अशी का जिनं बांधली तिनंच सकाऊन तिचं तोंड शिवेकडं फिरवाचं. एकदा तोंड फिरलं का मंग तिले मांगं आनाची कोनाच्या बापाची हिंमत नाई.

तं अशा या बाईकडं नागपूरचा प्रफुल्ल आला. टीव्हीवरच्या जाहिरातीसाठी मोठमोठ्या वस्तू बनवाचा त्याचा धंदा. बोलाले गोड. आल्या आल्या 'मावशी' मनून पाया पडला आनि मोबाइलवर फोटो दाखवाले लागला: ट्रक उभा राहीन एवढा लोटा, वरोऱ्याच्या रेल्वे फाटकाएवढा दात घासाचा ब्रश, भोकाभोकातून मानसं डोकावून राह्यली असं बिस्कुट. आता मच्छर अगरबत्तीची जाहिरात होती. गावाच्या वर टेकडीवर राक्षसावानी मच्छर उभा हाय, हिरोइन येते, अगरबत्ती लावते, आनि मच्छर पाय वर करून खालच्या निळ्या तळ्यात पडते. बाकी सारं मुंबईचे लोकं करतीन, मने, पन असा हलका आनि मजबूत सांगाडा बांबूशिवाय होत नाई, आनि बांबू तुमच्याशिवाय होत नाई.

ठमाबाईले ते बोलनं आवडलं. कोनाले आवडनार नाई?

पावसाच्या झडीत मंदिराच्या मंडपात तिनं तो मच्छर बांधला. पाय बांबूचे, सोंड अख्ख्या जाडजूड कटांग बांबूची, डोळे मनजे उलटे टोपले, त्याच्यावर आरशाचे तुकडे. पंख कायचे करावं मनून प्रफुल्ल डोकं खाजवून राह्यला होता, तं तिनं आपलं जुनं मासे धराचं जाळं काढलं, त्याच्यावर पातळ प्लास्टिक तानलं. वारा सुटला का पंख असे थरथरत का म्हाताऱ्या बाया लेकराइच्या अंगावर पदर टाकत. ठमाबाई रोज संध्याकाळी दूर जाऊन उभी राहे आनि पाहे. एवढं मोठं तिच्या हातून जल्मात झालं नोतं. वरोऱ्याच्या बहिनीले तिनं फोनवर सांगून ठेवलं, टीव्ही बंद करू नोको, माझा मच्छर येनार हाय.

आता मच्छर हाय तं टेकडी पाहिजे, आनि टेकडी तिथी नोती. मंग कंपनीनं जेसीबी आनली, ठमाबाईच्या घरामांगच्या पडीत खड्डा खोदला आनि निंघालेली माती रचून टेकडी केली. एका दगडात दोन पाखरं, प्रफुल्ल मने. इकडं तळं झालं, तिकडं टेकडी झाली. गावचं खरं तळं हाकेवर होतं, कमळाइनं भरलेलं. पन तिथी उजेड उलटा पडते, मने. सरपंच केवळराम ठमाबाईचा चुलतदीर. त्यानं मान हालवली, जसं काही त्यालेबी उजेडातलं समजते. मच्छर टेकडीवर चढवला, गावाकडं तोंड करून, कारन कॅमेरा गावातून लागनार होता.

आनि मंग हिरोइन आली नाई.

आज येते, परवा येते, पुढच्या सोमवारी येते. तिले येळ मिळे तवा इकडं झड लागे, उघाड पडे तवा ती दुसऱ्या देशात राहे. खड्ड्यात पानी साचलं. ठमाबाई मासेवाल्याच्या घरची. साचलेल्या पान्यात काय पैदा होते ते तिले कोनी शिकवाची गरज नोती. तिनं तळ्यातले बारीक मासे आनून खड्ड्यात सोडले. मासे मच्छराची पिल्लं खातात, पोट भरते, गाव वाचते. पन दोन-चार दिवसानं प्रफुल्लच्या मानसानं पानी कॅमेऱ्यात निळं दिसावं मनून त्याच्यात कायचातरी रंग ओतला. सकाऊन पाहते तं सारे मासे उताने, पांढरी पोटं वर करून.

त्या दिवसापासून ठमाबाईच्या पोटात राग शिजाले लागला. चुलीवर भाताचा गंज, मनजे पातेलं, कसा शिजते? आधी नुसतं झाकन हालते.

पुढच्या पावसानं निळा रंग पातळ झाला आनि पान्यात वळवळ सुरू झाली. संध्याकाळ झाली का घरामांगून असा आवाज निंघे जसा कोनी दळन दळून राह्यलं. म्हशीले शेपटीनं वारनं होईना. केवळरामच्या घरातबी मच्छर होते, पन तो अंगनात बसून येनाऱ्या-जानाऱ्याले सांगे, आपलं गाव टीव्हीवर येनार हाय.

आनि ठमाबाईच्या नातीले ताप आला. रिना, सहा वर्साची पोट्टी, दिवसभर त्या मच्छराच्या पायाखाली खेळनारी, तोंडाची टकळी कधी बंद न पडनारी. दुपारी हुडहुडी भरे, चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजत. मंग अंग असं तापे का पोळी शेकली जाईन. गावची आशाताई, नीलाबाई, आली, बोटाले सुई टोचली, रक्त पट्टीवर टाकलं. मलेरिया निंघाला. गोळ्या देल्या, डोस चुकवू नोको मनून बजावलं, आनि जाता जाता घरामांगं डोकावून पाह्यलं. तिनं कपाळावर हात मारला. मने, ठमाबाई, मी पोट्टीले गोळ्या देऊन बरी करीन, पन हे डबकं राह्यलं तं तिले पुन्हा होईन. आनि बाजूच्या लेकराइलेबी. हे आधी बुजवा.

झाकन आता गदागदा हालाले लागलं.

प्रफुल्ल पोळ्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून आला. खूश होता. परवा शूटिंग पक्की, हिरोइन नागपुरात उतरली, मने. ठमाबाईनं त्याले चहा देला. राग आला तरी चहा देनं सुटत नाई. मंग सांगतलं का पोट्टी बिमार हाय, शूटिंग झाल्याबरोबर खड्डा बुजव. माती तिथीच हाय, टेकडीची.

प्रफुल्लनं कप खाली ठेवला. मने, मावशी, त्यात एक गोष्ट हाय. शूटिंग दोनदा होनार. एक आता, दुसरी दसऱ्यानंतर, तवा उन्ह पिवळं राह्यते. तोवर तळं आनि टेकडी जशीच्या तशी पाहिजे. उलट साहेबाइनं फोटो पाह्यला, तं तळं थोडं वाढवा मनून राह्यले. तुमच्या घराच्या बाजूनं.

"माझ्या नातीचं रक्त पाह्यलं का तुह्या साहेबानं?" ठमाबाई मने.

"मी मच्छरदानी आनून देतो ना मावशी. अगरबत्तीचा डब्बाबी देतो. कंपनीचाच हाय."

ठमाबाई उठली. त्याचा अर्धा राह्यलेला चहा उचलला आनि अंगनातल्या तुळशीच्या बुडाशी नाई, गटारीत ओतला. तिच्या घरी आजपर्यंत असं कोनाच्या चहाचं झालं नोतं. प्रफुल्लले समजलं का आता जावं.

तिथून ती केवळरामकडं गेली. तो उद्याच्या पोळ्यासाठी बैलाचे शिंगं रंगवून राह्यला होता. तिनं सारं सांगतलं. केवळरामनं ब्रश खाली ठेवला नाई. मने, वहिनी, एवढे दिवस गेले, अजून थोडे जातीन. गावाचं नाव होनार हाय. ताप तं दर पावसाळ्यात येते. कंपनी नाराज झाली तं पुन्हा कोन येईन इथी?

"कोनाले बलावून राह्यले भाऊ तुमी? आलं ते पुरं झालं नाई?"

तो शिंगाले निळा रंग लावत राह्यला. तोच निळा. ठमाबाईनं त्या निळ्याकडं पाह्यलं, आनि तिचा राग जो डोळ्यात आला तो पाहून बैलानं मान खाली घातली.

पोळ्याच्या दिवशी दारादारात पळसाच्या डांग्या, पानाच्या फांद्या, लागल्या. बैलाइले पुरनाची पोळी चारली. ठमाबाईच्या घरी सून रीतानं पोळ्या केल्या पन कोनाले गोड लागल्या नाई. रिनाचा ताप उतरला होता, पन पोट्टी अंथरुनातच होती, आनि घरामांगं दळन चालूच होतं. गावात कोनीतरी आठवन केली का यंदा मारबत बांधली नाई. ठमाबाईले मच्छरातून फुरसतच कुठी मिळाली.

हे शब्द कानावर पडले आनि ठमाबाई जागच्या जागी बसली.

मारबत बांधताना तिचे हात काय करत? पोटाचा सांगाडा बंद कराच्या आधी त्याच्यात झिजलेला झाडू घालत. त्याच्यावर कडुलिंबाचा पाला. आनि गावात जो कोनी बिमार असंन त्याच्या अंगावरचं फडकं. एवढ्या वर्साची सवय. पोट बंद कराचं मनजे आधी झाडू घालाचा. आनि यंदा तिनं एक पोट बंद केलं होतं. पावसात बसून, प्रफुल्ल कानाशी बडबड करत असताना, हातानं आपल्या मनानं झाडू उचलला होता. पाला खुडला होता. रिनाले तवा नुसती सर्दी होती. तिचा फाटका फ्राक गुंडाळून आत खुपसला होता. मंग वरून लाल कपडा तानून शिवला, आनि साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या.

मनजे तिनं मच्छर बांधलाच नोता. मारबत बांधली होती. पोटात रोगराई भरलेली, आनि तोंड गावाकडं.

ठमाबाई काही खुळी नोती. ताप डबक्यानं आला, निळ्या रंगानं आला, कंपनीच्या खोट्या टेकडीनं आला, हे तिले चांगलं ठाऊक होतं. नीलाबाईनं सांगतलं तेच खरं. पन डबक्याचं खरं ऐकून केवळराम जागचा हालला नोता. तं ज्यानं हालनार ते सांगाचं. तिले घडीभर वाईटबी वाटलं. मच्छराकडं पाह्यलं, उन्हात आरशाचे डोळे चमकून राह्यले होते, पंख थरथरून राह्यले होते. वरोऱ्याची बहीन टीव्हीसमोर बसलेली डोळ्यापुढं आली. मंग घरातून रिना खोकलली.

बैल घरी परतले, लोकं मंदिरापाशी बसले होते, तवा ठमाबाई मधोमध जाऊन उभी राह्यली. आवाज चढवला नाई. सांगतलं का यंदा मारबत बांधली हाय, मी बांधली, आनि ती टेकडीवर उभी हाय, गावाकडं तोंड करून, आखाडापासून. ज्याले खोटं वाटते त्यानं पोटात हात घालावा.

केवळराम हसाले गेला, पन ते हसू अर्ध्यावरच राह्यलं. तो टेकडीवर चढला. विळ्यानं लाल कपडा फाडला, खांद्यापर्यंत हात आत घातला आनि बाहेर काढला तं हातात झाडू. झिजलेला, त्याले वाळलेला पाला गुंडाळलेला. मांगून रिनाचा फ्राक लोंबत आला.

सरपंचाच्या हातातून झाडू असा पडला जसा साप पडते.

"वहिनी," तो मने, "हे आमच्या डोक्यावर उभं करून ठेवलं तुमी?"

"मी बांधलं. उभं तं तुमी केलं भाऊ. उजेड पाहून."

सकाऊन अजून सूर्य पुरता वर आला नोता, तं अख्खा गाव टेकडीपाशी. दारच्या पळसाच्या डांग्या हातात. रीत मनजे रीत. कोनी मच्छराले हात लावला नाई, ठमाबाईची वाट पाह्यली. ती वर चढली. लुगड्याचा पदर कमरेले खोसला, सोंडेच्या बुडाशी दोन्ही हात घातले आनि एकटीनं त्या हत्तीएवढ्या धुडाचं तोंड फिरवलं. त्याले चार मानसं लागतीन, असं प्रफुल्ल मने. पन चार मानसाइचा राग एकटीत असंन तं?

बांबूचं अंग, हलकं. मानसाइनं खांद्यावर घेतलं आनि निंघाले. पोट्ट्याइनं बोंबा मारल्या, बायाइनं डांग्या हापटल्या: ताप घेऊन जाय गे मारबत, हुडहुडी घेऊन जाय गे मारबत, डबकं घेऊन जाय गे मारबत. हे शेवटचं यंदा नवीन होतं. पंख असे फडफडले का लोकं मनतात, वळनापर्यंत मच्छर खांद्यावर नोताच, लोकंच त्याले लटकून गेले.

शिवेबाहेर नेऊन उभा केला आनि तिकडून कंपनीच्या गाड्या आल्या.

प्रफुल्ल धावत उतरला. मांगच्या गाडीत मुंबईचा साहेब होता, काळा चष्मा घातलेला, आनि काच वर केलेल्या गाडीत हिरोइन होती, अशी मनतात. कोनी पाह्यली नाई. प्रफुल्लनं पहिले हात जोडले, मंग रागावला. हे कंपनीचं होय, मने, परत न्या, आत्ता न्या. कोनी हाललं नाई. त्यानं केवळरामले सांगतलं. केवळराम मने, तिचं तोंड फिरलं, आता मी काय, कलेक्टरबी परत आनू शकत नाई. प्रफुल्लनं स्वतःच मच्छराचा पाय धरून ओढाले सुरुवात केली. एवढ्या मोठ्या मच्छराच्या पायाशी तो असा दिसे जशी मुंगी झुरळ नेते.

ठमाबाई त्याच्याजवळ गेली.

"ओढ," मने. "पन याच्या पोटात साऱ्या गावाचा ताप हाय. तुह्या घरी लहान लेकरू असंन तं आधी त्याचं नाव घे, मंग ओढ."

प्रफुल्लच्या घरी लेकरू होतं. त्यानं कोनाचं नाव घेतलं नाई. हात सोडला, आनि आपल्या तळहाताकडं पाहत राह्यला. साहेबानं गाडीतून इंग्रजीत काहीतरी फेकलं. ते कोनालेच समजलं नाई आनि समजलं असतं तरी फरक पडला नसता.

ठमाबाईनं काडी लावली. प्लास्टिक आधी वितळलं, जाळं जळलं, मंग बांबू फुटाले लागले, बंदुकीवानी आवाज करत. तिचे आपले इनलेले पेर एकेक करून फुटून राह्यले होते आनि ती मोजल्यावानी पाहून राह्यली होती. डोळ्यात पानी होतं. कोनी इचारलं तं धूर मनाले ती तयार होती, पन तिचं तोंड पाहून कोनी इचारलं नाई.

तिकडं टेकडी रिकामी झाली होती. पोळ्याचा पाडवा, सनाचा दिवस, तरी लोकाइनं फावडे-टोपले काढले. जी माती जिथून निंघाली होती तिथी गेली. पहिलं टोपलं केवळरामनं टाकलं, ठमाबाईनं त्याच्या हातात देलं मनून. तो माती टाके आनि खाली पाहे, वर पाहाची त्याची हिंमत नोती. संध्याकाळी घरामांगचं दळन बंद झालं. सारा गाव कान देऊन ऐकत बसला, का आता काहीच ऐकू येत नाई.

त्या धुरानं शिवेबाहेरचे मच्छर असे पळाले का सिरोंच्यापर्यंत थांबले नाई, मनतात, आनि तिथी जाऊन तेलुगू बोलाले लागले. रिना बरी झाली. जाहिरातबी टीव्हीवर आली, कम्प्युटरनं बनवलेल्या मच्छराची. वरोऱ्याच्या बहिनीनं फोन केला, पाह्यला गे तुहा मच्छर. ठमाबाईनं फोन रीताच्या हातात देला आनि बाहेर निंघून गेली.

बुजवलेल्या खड्ड्यावर तिनं कोहळ्याचा वेल लावला. एक कोहळा तोडाले आरागिरनीतून आरा आनावा लागला. पन राग काही गेला नाई. तो तिनं जपून ठेवला, बियान्यावानी.

पुढच्या साली प्रफुल्लचा फोन आला. आवाज तसाच गोड. मने, मावशी, मांगचं जाऊ द्या, आता ट्रॅक्टरएवढं झुरळ पाहिजे, तुमच्यासारखे हात कोनाचेच नाई.

"बांधून देईन," ठमाबाई मने. "पन आधी सांग, माती कुठची काढशीन?"

ठमाबाईनं फोन बंद केला नाई. कानाशी धरून बसली, कोहळ्याच्या वेलाकडं पाहत, उत्तर आल्याशिवाय सोडाचं नाई मनून.